पाऊस ढगातून, पूर नकाशातून

आपल्याकडे जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक शब्द हमखास येतो. ढगफुटी! सिग्नलवर गुडघाभर पाणी साचलं, ढगफुटी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या तरंगल्या, ढगफुटी. हवामानशास्त्राच्या भाषेत ढगफुटी म्हणजे एका तासात १०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस, आणि तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्याशा पट्ट्यात. असा पाऊस फार क्वचित पडतो. शब्द मात्र दर पावसाळ्यात पडतो, कारण तो सोयीचा आहे. ढग फुटला म्हटलं की दोष वरच्याचा. खाली कोणाची चौकशी नको, कोणाच्या सहीचा कागद शोधायला नको.

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला हायड्रॉलॉजी सुरू झाल्यापासून हा शब्द मला जास्तच खटकायला लागलाय. आणि त्यात मी तेरखेड्याची. म्हणजे धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, बालाघाटचा माथा. आमच्या गावाची ओळख विचाराल तर फटाके. दिवाळीच्या आधी लांबलांबून लोक गाड्या घेऊन खरेदीला येतात. दुसरी ओळख फार कमी जणांना माहीत असते, ती म्हणजे तेरणा नदीचा उगम आमच्याकडचा. पाण्याच्या बाबतीत मात्र आमचा जिल्हा कायम हात पसरणारा. कॉन्व्हेंटमध्ये असताना आम्हाला पावसाला ‘आज जा, नंतर कधीतरी ये’ असं सांगणारी इंग्रजी कविता पाठ करायला लावायचे. मराठवाड्यातल्या पोरांना! शाळेत पावसाला हाकलायचं आणि घरी आल्यावर टँकरची वाट बघायची, असा आमचा अभ्यासक्रम होता.

तर प्रश्न असा आहे : शहर वाढलं की पाऊस बदलतो का? म्हणजे पाऊस आपला जसा पडायचा तसाच पडतोय आणि आपण फक्त गटारं बुजवली म्हणून बुडतोय, की शहर स्वतःच आकाशात काहीतरी उद्योग करून ठेवतं?

याचं उत्तर ‘हो, करतं’ असं आहे. आणि हे आजचं नाही. शहर आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा गरम असतं हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ल्यूक हॉवर्ड नावाच्या इंग्रज गृहस्थाने लंडनमध्ये थर्मामीटर लावून दाखवलं होतं. (ढगांना आज आपण जी नावं देतो, ती पद्धत सुरू करणारा हाच माणूस.) पुढे १९७१ ते १९७५ या काळात अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराभोवती पावसाचा मोठा अभ्यास झाला, त्याचं नाव मेट्रोमेक्स. त्यात दिसलं की शहरात आणि वारा शहरावरून ज्या दिशेला जातो त्या बाजूच्या भागात उन्हाळ्यातला पाऊस ५ ते २५ टक्क्यांनी जास्त पडतो. म्हणजे शहर एकीकडे आणि त्याचा जादा पाऊस शेजाऱ्याच्या अंगणात!

हे घडतं कसं? तीन गोष्टी आहेत. डांबर, सिमेंट आणि काच दिवसभर ऊन पितात आणि रात्री सावकाश सोडतात. झाड असतं तर त्याने त्यातली बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च केली असती. स्लॅबला ते जमत नाही. मग शहरावरची हवा तापून वर उठते, आणि तिची जागा घ्यायला बाजूची दमट हवा आत येते. दुसरं म्हणजे उंच इमारतींना वारा अडखळतो. हवा अडली की दाटते आणि तीही वरच ढकलली जाते. आणि तिसरी गोष्ट धूर. ढगातला प्रत्येक थेंब कशावर तरी बसून तयार होतो, धुळीचा कण, मिठाचा कण, धुराचा कण. गाड्या आणि कारखाने असे कण फुकटात वर पाठवतात. मात्र कण वाढले की पाऊस वाढलाच असं सरळ गणित नाही. कण फार झाले तर थेंब बारीक राहतात, लवकर पडत नाहीत, ढग उंच वाढत जातो आणि मग कधीकधी एकदमच कोसळतो. आमच्या मराठवाड्यात २०१५ साली औरंगाबादहून (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून) विमानं उडवून ढगात मुद्दाम कण सोडले होते, कृत्रिम पावसासाठी. शहरं हाच प्रयोग रोज करतायत, फक्त परिणाम कोणी मोजत नाही.

आता आपल्या घरचं उदाहरण. २६ जुलै २००५, मुंबई. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, पण मुंबईचा कोणीही काका किंवा मावशी भेटली की ‘मी त्या दिवशी किती तास चाललो’ ही गोष्ट ऐकावीच लागते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या अख्ख्या जिल्ह्याची वर्षाची सरासरी आठशेच्या आत आहे. म्हणजे आमचं पूर्ण वर्ष आणि वर थोडं, एका दिवसात! आणि त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. वीस-पंचवीस किलोमीटरवर एवढा फरक.

हा ९४४ चा आकडा मुंबईने स्वतः बनवला का? मला तरी तसं वाटत नाही. अरबी समुद्रावरून बाष्पाचा तो लोंढा येतच होता, मान्सून जोरात होता. शहर नसतं तरी त्या दिवशी तिथे प्रचंड पाऊस झालाच असता. पण तो नेमका कुठे साठून पडेल आणि किती तीव्र होईल यात शहराचा वाटा असू शकतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ साली कॉम्प्युटर मॉडेलवर मुंबईच्या अतिवृष्टीच्या घटना तपासल्या. शहरीकरणामुळे मोठा पाऊस आणखी तीव्र होतो आणि एका भागापासून दुसऱ्या भागात तो जास्त असमान पडतो असं त्यात दिसलं. म्हणजे आकाशात शहर जे करतं ते भाजीत मीठ घालण्यासारखं आहे. भाजी मुळात मान्सूनचीच.

पण जमिनीवर? तिथे मीठबीठ नाही, अख्खी भाजीच आपली!

मुंबईचं पावसाचं पाणी वाहून नेणारं जाळं ब्रिटिशांच्या काळातलं. त्याचा हिशोब होता तासाला २५ मिलिमीटर पावसाचा. आणि त्यातही अर्धंच पाणी गटारात येईल, उरलेलं अर्धं जमिनीत मुरेल असं धरलेलं. ज्या काळात हे धरलं तेव्हा ते बरोबर असेलही, कारण तेव्हा मुरायला जमीन होती. २६ जुलैला दुपारी एका तासात पडला सुमारे १९० मिलिमीटर. वर भरतीची वेळ. म्हणजे पाणी समुद्रात जायचं तर समुद्रच दार लावून बसलेला. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम अठरा किलोमीटरची. तिला विमानतळाच्या धावपट्टीजवळ काटकोनात वळणं दिलेली. तिच्या मुखाशी जिथे खाजण होतं, तिथे भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल उभं. नदीने जायचं कुठून? राज्यभरात त्या पावसाने हजाराच्या आसपास माणसं गेली.

यातली सगळ्यात राग आणणारी गोष्ट पुढे आहे. मुंबईची पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था अपुरी आहे, ती वाढवा, असं सांगणारा ब्रिमस्टोवॅड नावाचा अहवाल १९९३ सालीच तयार होता. बारा वर्षं आधी! योगायोग बघा, त्याच १९९३ साली माधवराव चितळे यांना पाण्यातल्या कामासाठी स्टॉकहोमचं मोठं पारितोषिक मिळालं, आणि २००५ च्या पुरानंतर सत्यशोधन समिती नेमायची वेळ आली तेव्हा सरकारने त्यांनाच बोलावलं. महाराष्ट्राकडे माणूस होता, अहवाल होता. नव्हता फक्त पूर, तोही आला. मग तासाला ५० मिलिमीटर, पंपिंग स्टेशन वगैरे कामं धरली गेली.

आता जरा आपला पेपर सोडवू. घाबरू नका, एकच गणित आहे. रॅशनल मेथड आपण सगळ्यांनी पाठ केलीय : पाण्याचा प्रवाह म्हणजे सी गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ. यातला सी म्हणजे पडलेल्या पाण्यापैकी किती वाहून जातं तो भाग. परीक्षेत तो टेबलमधून उचलायचा आणि पुढे जायचं. पण टेबलमधून उचललेला तो छोटा आकडा म्हणजे काय ते बघा. एक हेक्टर जमीन घ्या, म्हणजे अडीच एकर. तासाला ६० मिलिमीटर पाऊस, एक तास. पाणी पडलं ६ लाख लिटर. आमच्या भाषेत सांगायचं तर बारा हजार लिटरचे ५० टँकर. ही जमीन झाडं-गवताची असेल आणि सी ०.२ असेल, तर वाहून जातील १० टँकर, उरलेले ४० मुरतील किंवा तिथेच थांबतील. त्याच जमिनीवर स्लॅब, पार्किंग आणि रस्ता केला, सी ०.९ झाला, की वाहणार ४५ टँकर. पाऊस तोच, ढग तोच. खालच्या माणसाच्या दारात दहाऐवजी पंचेचाळीस टँकर रिकामे झाले. शिवाय गुळगुळीत जमिनीवरून पाणी लवकर पोचतं, म्हणजे आधी जे तासाभराने यायचं ते वीस मिनिटांत. हे मी एका प्लॉटचं सांगतेय. शहर म्हणजे असे हजारो प्लॉट.

पुण्याचं उदाहरण यासाठी जास्त बोलकं आहे, कारण तिथे ना समुद्र ना भरती. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली. त्या रात्रीचा पावसाचा आकडा मुंबईच्या ९४४ च्या जवळपासही नव्हता. या ओढ्याशी खेळ जुनाच आहे. नानासाहेब पेशव्यांनी त्याचा प्रवाह वळवला होता आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं होतं, आज तिथे सारसबाग आहे. पण पेशव्यांनी ओढ्याला वळवला तेव्हा त्याला दुसरी वाट दिली होती. आपण वाट देत नाही, भिंत देतो.

आणि आकाश आणि जमीन दोन्ही एकत्र धरली तर किती फरक पडतो? अमेरिकेत २०१७ साली हार्वे वादळाने ह्यूस्टन शहर बुडवलं. नंतर तिथल्या संशोधकांनी मॉडेलमध्ये एकदा शहर ठेवून आणि एकदा शहर पुसून शेतं ठेवून पाहिलं. शहरीकरणामुळे त्या वादळात एवढ्या मोठ्या पुराची शक्यता सरासरी सुमारे २१ पट वाढली, असा निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आला. २१ टक्के नाही, २१ पट.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मुंबई-पुण्याचं झालं, तुझ्या तेरखेड्याला काय त्याचं? बरोबर आहे, आणि इथे मला एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायलाच हवी, नाहीतर माझा मुद्दा खोटा पडेल. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्यात जे झालं ते कोणत्याही शहरामुळे झालं नव्हतं. परंडा, भूम, वाशी, कळंब, सगळीकडे पाणी. परंड्याला सीना नदीच्या पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. टँकरवाल्या जिल्ह्यात हेलिकॉप्टर! सोयाबीन तर गेलंच, पण अनेकांच्या शेतातली माती गेली. पीक एका हंगामाचं असतं हो, मातीला किती हंगाम लागतात? तिथे ना टॉवर होते ना धुरांडी. मग तो पाऊस कुठून आला? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० पासून २०१५ पर्यंत गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यात मोठ्या भागावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्यामागे तापत चाललेला अरबी समुद्र आहे. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे वरचा नळ सगळ्यांसाठीच मोठा झालाय, शहर असो की खेडं.

म्हणूनच मला ‘आकाशात शहराचा वाटा किती टक्के’ या वादापेक्षा जमिनीचा हिशोब महत्त्वाचा वाटतो. आकाशातली टक्केवारी ठरवायला रडार, सुपरकॉम्प्युटर आणि पीएचडी लागते. सी कमी करायला आपण पुरेसे आहोत. आणि हा सी आता फक्त शहरात राहिलेला नाही, तो आमच्या गावात एसटीने उतरलाय! पूर्वीचा २११ नंबरचा, आताचा ५२ नंबरचा सोलापूर-धुळे महामार्ग आमच्याकडून जातो, तो चौपदरी झाला. चांगलं झालं, मी त्यावरूनच हॉस्टेलला येते. पण रस्ता उंच झाला की तो पाण्यासाठी बांधच असतो, आणि त्याखालच्या मोऱ्यांचा आकार कोणीतरी कधीच्या तरी पावसावरून ठरवलेला असतो. रस्त्याकडेला हॉटेलं, गोडाऊन, प्लॉटिंग येतं. प्लॉटिंगवाला पहिलं काम काय करतो? ओघळ बुजवतो. नकाशात तो ओघळ वर्षाचे अकरा महिने कोरडा असल्यामुळे कोणाला दिसतच नाही. गावातल्या गल्ल्या सिमेंटच्या झाल्या, ग्रामपंचायतीत ‘विकास’ म्हणजे काँक्रीट असं समीकरणच आहे. आमचे आबा म्हणतात, पूर्वी पाऊस पडला की गल्लीत चिखल व्हायचा, आता गल्लीत नदी येते. चिखल व्हायचा म्हणजे पाणी मुरायचं, हे मात्र कोणी लक्षात घेतलं नाही.

शेतीची जमीनही काही साधीभोळी नाही बरं का. काळी माती भेगाळलेली असताना घटाघटा पाणी पिते, पण एकदा भिजून फुगली की तिचाही सी वाढतो. सप्टेंबरच्या पावसात तेच होतं. जमीन आधीच भरलेली, वर धो-धो. अशा वेळी वरच्या अंगाला पन्नास एकराचं प्लॉटिंग झालेलं असेल तर खालच्या शेतकऱ्याची माती कशी राहणार? तेरणेचं तर उगमापासूनच हे सुरू आहे. आमच्या शिवारातून निघणारं पाणी पुढे तेरला जातं, जिथे दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाचं व्यापारी शहर होतं. ती नदी आमच्याकडे ओढ्याएवढी असते म्हणून ती नदी नाही असं कोणी ठरवलं?

आपल्या धंद्याबद्दल पण बोलायला पाहिजे. आपण डिझाइन करतो ते ‘पंचवीस वर्षांतून एकदा’, ‘पन्नास वर्षांतून एकदा’ येणाऱ्या पावसावर. हे आकडे निघतात जुन्या नोंदींवरून, आणि त्यात गृहीत असतं की पुढचा पाऊस मागच्या पावसासारखाच असेल. वर सांगितलेलं सगळं खरं असेल तर हे गृहीतक आता चालणार नाही. शिवाय नोंदी तरी कुठे आहेत? शासनाच्या हिशोबात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी, आणि तो मोजायचा महसूल मंडळाच्या पातळीवर. एका मंडळात किती गावं येतात! पाऊस माझ्या शिवारात झाला आणि यंत्र दुसऱ्या शिवारात असलं तर कागदावर पाऊसच झाला नाही. मुंबईने २००५ नंतर शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापकं बसवली, कारण सांताक्रूझ आणि कुलाब्याचा फरक तिने भोगला होता. तसाच फरक दोन गावांत असतो, तो मोजणारं कोणी नाही. आणि चोवीस तासांच्या बेरजेतून मोरीचं डिझाइन होत नाही, त्याला पंधरा मिनिटांचा, तासाचा पाऊस लागतो. तो नसला की मग कुठल्यातरी शहराचा आलेख उचलायचा आणि खेड्याला लावायचा. चालतंय की!

दर वर्षी फायनल इयरला प्रोजेक्टचे तेच विषय फिरत असतात. ‘पेव्हर ब्लॉकमध्ये प्लॅस्टिकचा वापर’ तर मी आतापर्यंत चार वेळा पाहिलाय. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यातल्या प्रत्येक ग्रुपने एकदा स्वतःच्या गावाचा किंवा वॉर्डाचा सी मोजावा. फार काही लागत नाही. उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, त्यावरून दहा वर्षांत किती जमीन झाकली गेली ते निघतं. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गावनकाशा काढला की बुजलेले ओढे सापडतात. मोरीची रुंदी टेपने मोजता येते. आलेला आकडा परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवायचा, आणि बांधकामाची परवानगी देताना त्या प्लॉटवर शोषखड्डे, मोकळी जमीन आणि ओघळाची वाट नकाशात दाखवली आहे का, एवढं विचारायचं. उत्तर नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहेच.

मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी तेरणेच्या उगमाकडचे पहिले पाच किलोमीटर घेतलेत. गावनकाशाची प्रत मागून तीन आठवडे झाले, अजून ‘साहेब मीटिंगला गेलेत’. मोऱ्या मात्र मोजून झाल्या, बारा आहेत. त्यातल्या चार अर्ध्याहून जास्त गाळाने भरलेल्या, आणि एकीच्या तोंडाशी टपरी आहे, चहा चांगला मिळतो.